ऑपरेशनची तारीख ठरली, पण रक्त कमी आहे: पुढचे सहा आठवडे कसे वापरायचे

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी ज्यांचं ऑपरेशन, त्या पेशंटना तपासायला मी वॉर्डात गेले होते. काटोलकडच्या एका खेड्यातली चाळिशीतली बाई. गर्भपिशवी काढायची होती. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे रिपोर्ट नीट घडी करून ठेवलेले. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतली कड कागदासारखी पांढरी. नखं चपटी, मधे किंचित खोलगट. त्याच दुपारच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.२.

"अंगावरून किती दिवसांपासून जातंय?"

"दोन वर्षं झाले जी."

ऑपरेशन उद्या नको, असं मी म्हटल्यावर तिचा भाऊ पुढे आला. "मॅडम, रक्त द्यायला चार पोरं आणली आहेत. लावा न दोन बाटल्या. आता काहून थांबवता?"

त्याचा राग मला कळत होता. सोयाबीन काढणीचे दिवस होते, मजुरी बुडवून माणसं आली होती, घरी लेकरांजवळ मावशीला आणून ठेवलं होतं. आणि चूक त्यांची नव्हतीच. हे ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी ठरलेलं होतं. त्या दिवशी एक साधा सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी) झाला असता तर रक्त वाढवायला दीड महिना हातात होता. तपासणी मात्र आदल्या दिवशी झाली, कारण 'ऑपरेशनच्या तपासण्या' आदल्या दिवशी करायच्या, अशी त्या दवाखान्याची पद्धत.

मी नागपुरात भूल देण्याचं काम करते आणि हा प्रसंग मला वर्षातून कितीतरी वेळा भेटतो. म्हणून पेशंट आणि नातेवाइकांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. छोट्या नर्सिंग होममधल्या सहकाऱ्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

रक्त कमी म्हणजे नेमकं किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या (मधल्या तिमाहीत १०.५ च्या) खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. मोठ्या ऑपरेशनच्या बाबतीत मात्र बरेच तज्ज्ञ बाई-पुरुष दोघांसाठी १३ हीच रेषा धरतात. कारण साधं आहे. बाईच्या शरीरात एकूण रक्तच कमी असतं, पण गुडघा बदलताना किंवा आतड्याचं ऑपरेशन करताना रक्त जातं ते साधारण तेवढंच. सुरुवात ११ पासून केली आणि तीन ग्रॅम उतरलं, तर ती ८ वर येऊन थांबते.

"आमच्या घरी सगळ्यांचंच कमी असतं," हे वाक्य मी रोज ऐकते. ते खरंही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आढळला, पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. पण सगळ्यांना आहे म्हणून ते चालून जातं असं नाही. सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ऑपरेशनआधी सौम्य अ‍ॅनिमिया असलेल्यांमध्येही पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू आणि गुंतागुंती जास्त दिसल्या. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, जखमेला ऑक्सिजन कमी पोचतो, रक्ताच्या पिशव्या जास्त लागतात आणि पेशंट उशिरा उठून चालतो.

पहिली पायरी: ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी सीबीसी

सर्जन "करावं लागेल" म्हणाले की तारीख मागण्याआधी सीबीसीची चिठ्ठी मागा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवत असाल तर त्याच ओपीडीच्या फेरीत रक्त देऊन घरी जा. गावाहून पुन्हा येण्याची एक खेप आणि एक आठवडा वाचतो. सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं असेल तर कागदपत्रं आणि मंजुरीत दिवस जातातच. तेच दिवस रक्त वाढवायला वापरता येतात, पण आकडा हातात असेल तरच.

मोतीबिंदू, छोटी गाठ, दात अशा ऑपरेशनमध्ये रक्त जवळजवळ जात नाही. तिथे थोड्या कमी हिमोग्लोबिनसाठी ऑपरेशन पुढे ढकलत बसायचं कारण नाही. उपचार मात्र तिथेही करायचा. खरा प्रश्न असतो तो अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याची शक्यता असलेल्या ऑपरेशनचा: गुडघा किंवा खुबा बदलणं, गर्भपिशवी, फायब्रॉइड (गर्भपिशवीतल्या गाठी), हृदय, कॅन्सर, मणक्याची मोठी ऑपरेशनं.

दुसरी पायरी: रिपोर्टमधली दुसरी ओळ वाचा

सगळे हिमोग्लोबिनचा आकडा पाहतात आणि कागद मिटतात. त्याच कागदावर खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं. लाल पेशीचा तो सरासरी आकार. रक्त कशामुळे कमी आहे, याचा पहिला माग तिथे लागतो.

एमसीव्ही ८० च्या खाली, म्हणजे पेशी लहान. बहुतेक वेळा लोह कमी. पण थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही पेशी लहानच असतात. तिथे लाल पेशींची संख्या मात्र चांगली, कधी जास्तच असते. नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको, पण थॅलेसेमिया फक्त त्यांच्यातच असतो असंही नाही. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि आकडा हलत नाही.

एमसीव्ही १०० च्या वर, म्हणजे पेशी मोठ्या. इथे बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड आठवायचं. शुद्ध शाकाहारी माणसं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेणारे यांच्यात बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते. दारू आणि थायरॉइडचा त्रासही पाहायचा.

एमसीव्ही ठीक, तरी हिमोग्लोबिन कमी: किडनी, जुना संसर्ग, संधिवात, कॅन्सर, नुकताच झालेला रक्तस्राव. किंवा लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असल्याने आकार मधेच अडकलेला. आपल्याकडे हे मिश्रण बरंच दिसतं. हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी असतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, सरळ फिजिशियनकडे जा.

लोहाचा निकाल लावायला फेरिटिन ही लोहाचा साठा दाखवणारी तपासणी लागते. ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला आहे. सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन फुगलेलं दिसतं. तेव्हा १०० पर्यंतचा आकडाही फसवा असू शकतो आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून फिरणाऱ्या लोहाचं माप) पाहावं लागतं. ते २० टक्क्यांखाली असेल तर शरीराला लोह मिळत नाही असं समजतात. सोबत बी-१२, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लाल पेशी काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. सगळं एकाच वेळी रक्त काढून होतं.

एक गोष्ट ठळकपणे सांगते. या सगळ्या तपासण्या रक्त चढवण्याआधी करा. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की सिकलसेलचा (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) रिपोर्ट फसतो आणि बाकीचे आकडेही गढूळ होतात. मग मूळ कारण शोधायला तीन-चार महिने थांबावं लागतं.

विदर्भात सिकलसेल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

पुण्या-मुंबईचा कुणी हा लेख लिहिला असता तर हा भाग चार ओळींत आटोपला असता. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या पेशंटसाठी तसं चालत नाही. या पट्ट्यात सिकलसेल अनेक समाजांत आहे. तो अमुकच जातीचा आजार असं समजून विचारायचं टाळलं तर नेमका तोच पेशंट हातून सुटतो.

दोन प्रकार नीट वेगळे ठेवा. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तर तो वाहक, रिपोर्टवर 'एएस'. दोघांकडून आला असेल तर आजार, 'एसएस'. वाहकाचं ऑपरेशन बहुधा इतरांसारखंच होतं. भूल देणाऱ्याला ते माहीत असलं की झालं. शिवाय वाहकाचं हिमोग्लोबिन निव्वळ वाहक असल्यामुळे ८ पर्यंत उतरत नाही, दुसरं कारण शोधावंच लागतं. आजार असलेल्याची गोष्ट पूर्ण वेगळी.

दवाखान्यात आधी होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि आजारातही. एवढ्यावर थांबायचं नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या झाल्यावरच एएस की एसएस हे ठरतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव तपासणी होऊन कार्डं मिळाली आहेत. ते कार्ड घरात कुठेतरी डब्यात पडलेलं असतं. ऑपरेशनला येताना ते आधार कार्डाच्या जोडीने फाइलमध्ये लावा.

एसएस पेशंटला ठरवून करायची ऑपरेशनं तशी कमी नाहीत. लाल पेशी सतत फुटत असल्याने पित्ताशयात लहान वयातच खडे होतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त न मिळाल्याने तो खचतो आणि पंचविशी-तिशीतच खुबा बदलायची वेळ येते. अशा पेशंटच्या बाबतीत हे ठरलेलं असायला हवं:

रक्तविकारतज्ज्ञाचं मत ऑपरेशनच्या काही आठवडे आधी घ्यायचं. मध्यम किंवा मोठ्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणण्यासाठी सहसा रक्त देतात. १० च्या बरंच वर मात्र नेत नाहीत, कारण रक्त दाट होऊन पेशी अडकतात. रक्तपेढीला 'सिकलसेल पेशंट' असं आधीच कळवायचं, म्हणजे नेहमीच्या गटापलीकडचे उपगटही जुळवता येतात. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर आपल्या मनाने बंद करायचं नाही. लोहाची गोळी फेरिटिन पाहिल्याशिवाय द्यायची नाही. वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साचलेलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला यादीत पहिला घ्या. रात्रभर कोरडं ठेवू नका. उपाशी ठेवायचं असेल तेव्हापासून सलाईन सुरू हवी, विशेषतः आपल्या मे महिन्यात, जेव्हा पेशंट काटोल नाक्यापासून दवाखान्यापर्यंत येतानाच अर्धा सुकलेला असतो. आणि थिएटरच्या एसीत त्याला गार पडू देऊ नका. थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची कमतरता या तिन्हींनी पेशी विळ्यासारख्या वाकतात. ऑपरेशननंतर फुगे फुगवण्याचा किंवा तीन चेंडूंच्या यंत्राचा श्वासाचा व्यायाम कंटाळा न करता करून घ्या. छातीत पेशी अडकल्या तर जिवावर बेतू शकतं.

तिसरी पायरी: रक्त जातंय कुठे?

लोह कमी निघालं म्हणून गोळी लिहिली आणि संपलं, असं करू नका. बाईमध्ये आधी पाळी विचारा. किती पॅड लागतात, गाठी जातात का, किती दिवस चालते. पाळीत जास्त जात असेल तर ऑपरेशनपर्यंत ते थोपवणं हा रक्तवाढीचा अर्धा उपचार आहे. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, पाळी लांबवणारी हार्मोन्स, फायब्रॉइड मोठे असतील तर महिन्याचं इंजेक्शन, असे पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असतात. वरून भरत राहायचं आणि खालून वाहू द्यायचं, याला अर्थ नाही.

पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटातून रक्त जात नाही ना हे पाहिलंच पाहिजे. नरखेडकडचे एक संत्रा बागाईतदार गुडघा बदलायला आले होते. हिमोग्लोबिन ९. गेली कित्येक वर्षं गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी रोज घेत होते, कधी दिवसातून दोनदा. विचारल्यावर म्हणाले, शौचाला काळी होते, पण मूळव्याध असेल असं वाटलं. दुर्बिणीतून जठरात अल्सर दिसला. आधी त्यावर उपचार केले आणि गुडघा दोन महिन्यांनी बदलला. रक्त चढवून घाईने गुडघा केला असता तर ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांनी तोच अल्सर वाहायला लागला असता. कधी या शोधात मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडतो. तोही वेळेवर सापडतो.

धानाच्या बांधीत अनवाणी काम करणाऱ्यांमध्ये आतड्यात रक्त पिणारे आकड्या जंत असतात. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी स्वस्त आणि मोलाची आहे.

चौथी पायरी: हातात किती आठवडे आहेत त्यावर उपचार

सहा-आठ आठवडे असतील आणि हिमोग्लोबिन ९-१० च्या वर असेल, तर लोहाच्या गोळीने भागतं. गोळीने नीट घेतल्यास महिन्याभरात साधारण एक ते दोन ग्रॅम वाढ दिसते. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, ती चांगली गोळी आहे. महागडी गोळी जास्त रक्त वाढवते असं नाही. दिवसातून तीनदा घेण्यात तर फायदा नाहीच. एक डोस घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचा पदार्थ वाढतो आणि तो पुढच्या डोसाला आतड्याचं दार बंद करतो. म्हणून दिवसातून एकदाच, आणि पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड. एक दिवसाआडच्या डोसातलं लोह उलट चांगलं शोषलं जातं.

गोळी कशी घ्यायची ते समोर बसून सांगावं लागतं, कारण सगळं बिघडतं ते इथेच. सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्यात लिंबू पिळून. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. दोन फोडी सोबत खा. चहा-कॉफी गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको. तर्री पोह्यासोबतचा सकाळचा चहा सुटत नसेल तर गोळी रात्री झोपताना घ्या, भांडण मिटतं. कॅल्शियमची गोळी आणि दूध गोळीजवळ नको. थायरॉइडच्या गोळीत आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीची गोळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा, तिने लोह कमी शोषलं जातं. शौचाला काळपट होईल, घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी येणारी असेल तर मात्र कळवा.

खाण्याबद्दल थोडक्यात. बीट आणि डाळिंबाचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. गूळ, खजूर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, डाळी, सगळं खा, मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि मटण जरूर खा. पण ८ वरून १२ वर सहा आठवड्यांत खाण्याने कुणी जात नाही. मुलगा रोज बीटचा रस आणून देतो, म्हणून आई गोळी घेत नाही, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

दोन ते सहा आठवडेच असतील, हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, किंवा गोळी पोटाला सोसत नसेल, तर लोह शिरेतून. वॉर्डात याला लाल सलाईन म्हणतात. किती लोह लागेल याचा हिशोब सोपा आहे: वजन गुणिले जितके ग्रॅम वाढवायचे ते, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. पन्नास किलोच्या बाईला ८ वरून १३ वर न्यायचं तर ५० × ५ × २.४ म्हणजे ६००, त्यात ५०० मिळवले की ११०० मिलिग्रॅम. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे औषध एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा मिनिटांच्या सलाईनमधून देता येतं. हलक्या वजनाच्या माणसाला डोस त्याच्या वजनाप्रमाणे कमी. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण एका वेळी २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, म्हणजे हजारासाठी पाच खेपा. उमरेडहून पाच खेपांचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर स्वस्त कोणतं, हे प्रत्येक घराने मोजून ठरवावं. डॉक्टरांनीही ते विचारूनच लिहावं.

हे घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात 'ताकदीची सलाईन' म्हणून घेऊ नका. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते, तिथे ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनॅलिन आणि ते वापरणारा माणूस हजर हवा. सलाईन संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, घाई करू नका. सुई लावलेल्या जागी जळजळ झाली तर लगेच ओरडा. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. ताप किंवा संसर्ग सुरू असताना, तसंच गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत. शिरेतून लोह दिल्यावर गोळ्या काही दिवस बंद.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्लंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी शिरेतून लोह देऊन पाहिलेला 'प्रिव्हेंट' हा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात रक्त चढवण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण काही घटलं नाही. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत हिमोग्लोबिन मात्र चांगलं राहिलं आणि पुन्हा भरती व्हावं लागणारे कमी होते. म्हणजे शिरेतलं लोह ही जादू नाही. लोह खरंच कमी असेल, वेळेत दिलं असेल आणि गळती थांबवली असेल, तर ते कामाला येतं. काटोलच्या त्या बाईला पाळी थोपवणारं औषध आणि दोन बैठकांत लोह दिलं. पाचव्या आठवड्यात ती ११.१ वर आली. पापणीची कड तेव्हा गुलाबी होती.

बी-१२ कमी असेल तर इंजेक्शनं. आठवडाभरात नव्या पेशी तयार होताना दिसतात. बी-१२ न देता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरत राहू नका, रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि भूल देणाऱ्याला हे सांगाच. नायट्रस ऑक्साइड हा भुलीतला वायू उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो. मला आधी कळलं तर मी तो वापरतच नाही.

किडनीच्या आजारात एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशी तयार करवणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं लागतात, लोहाच्या जोडीने आणि किडनीतज्ज्ञाच्या हिशोबाने.

दोन आठवड्यांहून कमी वेळ असेल तर पहिला प्रश्न: ऑपरेशन थांबू शकतं का? गुडघा, हर्निया, त्रास न देणारे पित्ताचे खडे थांबू शकतात. मुहूर्त, सुट्टी, मुलाची अमेरिकेहून आलेली रजा ही घाईची कारणं मला समजतात, पण ७-८ च्या हिमोग्लोबिनवर मी ती मान्य करत नाही. कॅन्सरचं ऑपरेशन मात्र रक्तासाठी लांबवायचं नाही. तिथे निदान झाल्या दिवशीच लोह सुरू करायचं, आणि आधी केमो असेल तर तो काळ वापरायचा.

रक्ताच्या पिशवीबद्दल

एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते. म्हणजे ७.२ वर आदल्या रात्री दोन पिशव्या लावून होतं ९.२, तेही कारण तसंच ठेवून. पेढीत साठवलेल्या रक्ताला पेशींपर्यंत ऑक्सिजन नीट सोडण्याची ताकद परत यायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. म्हातारं किंवा कमजोर हृदय असेल तर एका रात्रीत दोन पिशव्यांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. तरुण बाईच्या रक्तात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या बाळंतपणात त्रास होऊ शकतो. किडनी बदलायची आहे त्याला जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

म्हणून हल्ली बहुतेक पेशंटमध्ये ७ च्या खाली, आणि हृदयरोगी किंवा हाडांच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ८ च्या खाली गेल्यावर रक्ताचा विचार करतात. एक पिशवी देऊन पुन्हा पाहतात. छातीत दुखणं, धाप, चक्कर असेल किंवा रक्त वाहत असेल तर आकड्याची वाट पाहत नाहीत. रक्त वाईट आहे असं मी म्हणत नाही, रक्ताने माझ्या डोळ्यांसमोर जीव वाचले आहेत.

सख्ख्या भावाचं, मुलाचं, आईवडिलांचं रक्त थेट त्याच पेशंटला देऊ नये. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात तग धरून त्यावरच हल्ला करण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. किरणोत्सर्ग दिलेलं रक्त हा त्यावरचा उपाय, पण ते सगळीकडे मिळत नाही. भावाने रक्त जरूर द्यावं, रक्तपेढीत. विशेषतः मे महिन्यात, कॉलेजं बंद, शिबिरं कमी आणि पेढ्यांमध्ये चणचण असते तेव्हा.

भरती व्हायच्या आधी आणि त्या दिवशी

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सीबीसी पुन्हा करा आणि भुलीच्या डॉक्टरांकडे फाइल घेऊन जा. जुने रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड, दिलेल्या लोहाच्या चिठ्ठ्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी कोणती आणि कधी थांबवायची, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट टाकलेल्याने मनाने बंद करणं धोक्याचं आहे. तीन गोष्टी विचारायला लाजू नका: किती रक्त जाण्याची शक्यता आहे, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड देणार का, आणि रक्ताची पिशवी कोणत्या आकड्याला लावणार.

थिएटरमध्ये आमच्या बाजूनेही बरंच करता येतं. पेशंटला गरम ठेवणं, कारण गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. मोठ्या ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त धुऊन त्यालाच परत देणारं यंत्र काही ठिकाणी असतं. आणि आयसीयूत रोज विनाकारण नळ्या भरभरून रक्त न काढणं. चार दिवस रोज तपासण्यांसाठी काढलेलं रक्त मिळून बरंच होतं, हे आम्ही विसरतो.

घरी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशननंतरचं हिमोग्लोबिन लिहून घ्या. ९ वर घरी पाठवलेल्या माणसाला चालताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, ऑपरेशनने कमजोरी आली. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे अंगात सूज असल्याने आतडं लोह नीट घेत नाही. आकडा फार खाली असेल तर घरी जायच्या आधीच शिरेतून लोह घेता येतं का ते विचारा. टाके काढायला याल तेव्हा आणि साधारण महिन्याने सीबीसी करा. हिमोग्लोबिन सुधारलं तरी गोळी पुढे तीन महिने चालू ठेवा, साठा तेव्हा भरतो. आणि घरातल्या मुलीचं, बहिणीचंही एकदा तपासून घ्या. काटोलची बाई टाके काढायला आली तेव्हा सोबत तिची सतरा वर्षांची मुलगी होती. तिचं ८.९ निघालं, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह. एचपीएलसीत एएस आलं, म्हणजे वाहक. आणि फेरिटिन ६.